आत्यासाठी इमर्जन्सी बटणवाला फोन घ्यायचाय, काय काय बघून घेऊ?

पायवाट

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितेय.

माझी आत्या ७९ वर्षांची, एकटी राहते, डोकं एकदम तल्लख, स्वतःचं सगळं स्वतः करते. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे बाथरूमला जायला उठली आणि पॅसेजमध्ये पडली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण कंबर अशी धरली की उठताच येईना. मोबाईल बेडरूममध्ये चार्जिंगला. मी रोजच्यासारखा सकाळी फोन केला, उचलला नाही, म्हटलं आंघोळीला गेली असेल. मग परत केला, परत केला. ती नंतर सांगत होती, पडल्या जागेवरून फोन दिसत नव्हता पण रिंग वाजली की बेडरूमच्या छतावर स्क्रीनचा उजेड पडायचा तेवढा दिसायचा, आणि ती तिथूनच म्हणत होती, अगं मी इथे आहे. सात वेळा उजेड पडला म्हणाली. मोजले होते तिने. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीये. मी पोचेपर्यंत साडेतीन तास ती फरशीवर होती.

तर आता असं काहीतरी घ्यायचंय की एक बटण दाबलं की आम्हाला कळेल. तीन प्रकार दिसतायत. एक म्हणजे मोठ्या बटणांचा साधा फोन, मागच्या बाजूला एसओएस बटण असलेला. दुसरं, गळ्यात घालायचं लॉकेटसारखं, त्यातच सिम असतं आणि बोलताही येतं. तिसरं, घड्याळ, जे पडलं की आपोआप ओळखतं म्हणे. आत्याला उजव्या कानाला मशीन आहे, उजव्या हाताचा अंगठा थोडा थरथरतो, टचस्क्रीनचा तिला मनापासून कंटाळा आहे. आणि लॉकेट दाखवलं तर म्हणाली, गळ्यात पाटी अडकवल्यासारखं वाटतं मला ते.

कुणी घरात प्रत्यक्ष वापरलंय का? जाहिरातीतलं नको, वापरून काय अडचणी आल्या ते सांगा प्लीज.

रात्रपाळी

आधी आत्याबाईंना लवकर बरं वाटू दे. मी नर्स आहे, हाडांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे फोनमधलं मला फार कळत नाही पण पडलेल्या माणसांचं कळतं.

पडण्याने जेवढं नुकसान होतं ना, कधीकधी तेवढंच नुसतं पडून राहण्याने होतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच कुशीवर तासन्‌तास वजन आलं की खालचे स्नायू दबतात, त्यांच्या पेशी फुटायला लागतात आणि त्यातून जे रक्तात उतरतं ते किडनीला झेपत नाही. कातडीला जखम व्हायला लागते, अंग गार पडतं, पाणी पोटात नसतं. एक तास हा आमच्याकडे धोक्याचा आकडा धरतात. तुमच्या आत्या साडेतीन तासांतून फक्त कंबरदुखीवर सुटल्या, खरंच देवाची कृपा.

आता मुद्द्याचं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली नव्वदीच्या पुढच्या लोकांवर एक अभ्यास आला होता, वर्षभर त्यांच्या पडण्याची नोंद ठेवली होती. जे पडले त्यातल्या ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नाही, ३० टक्के लोक तासभर किंवा जास्त जमिनीवर होते. आणि त्यातली खरी टोचणारी गोष्ट अशी की त्यातल्या बऱ्याच जणांकडे मदतीचं बटण होतं, तरी बहुतेक वेळा ते दाबलं गेलंच नाही. कुणाचं बटण अंगावर नव्हतं, कुणी दाबायचं टाळलं. मी वॉर्डात हेच बघते. बटण कुठे होतं विचारलं की उत्तर ठरलेलं, उशाशी.

म्हणून कुठलं मॉडेल हा माझ्या मते नंतरचा प्रश्न. आधी हे बघा की पहाटे चार वाजता अंथरूण ते बाथरूम एवढ्या दहा पावलांत ती वस्तू अंगावर असेल का. मागे बटण असलेला फोन चांगला असतो पण घरातल्या कपड्यांना खिसा नसतो, माणूस बाथरूमला फोन घेऊन जात नाही. त्यामुळे गळ्यात किंवा मनगटात, यातलंच काहीतरी घ्या. बाथरूममध्ये काढून ठेवायला लागू नये, पाण्यात चालणारं हवं. आयपी६७ लिहिलेलं असलं तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, म्हणजे आंघोळीला पुरे. गळ्यातलं घेतलं तर दोरीला झटक्याने सुटणारी कडी आहे ना ते बघाच, पडताना दोरी कशात अडकली तर गळ्याला फास बसू शकतो. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय छातीवर लोंबणारं काही घेऊ नका, मोबाईलसुद्धा पेसमेकरपासून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात.

अजून एक, चार्जिंग. सगळे रात्री चार्जिंगला लावतात, आणि पडण्याची वेळही नेमकी तीच. दिवसा त्या खुर्चीत बसून वाचत असतील, टीव्ही बघत असतील, तेव्हा शेजारी चार्जिंगला लावायची सवय लावा. रात्री ती वस्तू अंगावरच.

सोल्डर

मोबाईल रिपेअरिंगचं काम करतो, असे फोन हातातून बरेच गेलेत. वरच्या ताईंनी म्हटलंय ते शंभर टक्के. मी आतली बाजू सांगतो कारण लोक फक्त बटण केवढं मोठं आहे ते बघून घेतात.

एसओएस दाबल्यावर होतं काय, तर फोन आधी एसएमएस पाठवतो आणि मग तुम्ही भरून ठेवलेले नंबर एकामागून एक लावतो, साधारण पाच नंबर असतात. पहिल्याने नाही उचलला तर दुसरा. आता मेख बघा, पहिल्याचा फोन बंद असेल किंवा तो उचलत नसेल आणि त्याचं व्हॉइसमेल चालू असेल तर व्हॉइसमेल कॉल उचलतं. फोनला वाटतं माणसाने उचलला, झालं काम, तो पुढचे नंबर लावतच नाही. एका गिऱ्हाईकाच्या आजोबांचं हेच झालं होतं, बटण बरोबर दाबलं, मुलाच्या व्हॉइसमेलवर आजोबांचा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड झाला आणि कॉल संपला. सून शेजारच्या गल्लीत होती, तिला रिंगच गेली नाही. म्हणून असा फोन घ्या ज्यात उचलणाऱ्याला एखादा आकडा दाबून "हो मी ऐकलं" असं कळवावं लागतं, आकडा दाबला नाही तर तो पुढच्याला लावतो. ही सोय नसेल तर यादीतल्या सगळ्यांनी आपापलं व्हॉइसमेल बंद करून टाका, नाहीतर पहिला नंबर अशा माणसाचा टाका जो हमखास उचलतो. मोठ्या मुलाचा नंबर पहिला असलाच पाहिजे असं काही नाही.

दुसरं, नेटवर्क. स्वस्तातले बरेच फोन आणि लॉकेट अजून फक्त २जी वर चालतात किंवा ४जी वर इंटरनेट आणि कॉलसाठी मात्र ३जी. जगभर ही जुनी नेटवर्कं बंद होतायत. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३जी बंद झालं तेव्हा असे कितीतरी ४जी फोन निघाले की बाकी सगळं नीट पण इमर्जन्सी कॉलच्या वेळी ते ३जी वरच जायचे, शेवटी ते फोन नेटवर्कवरून काढून टाकावे लागले. त्यामुळे खोक्यावर नुसतं ४जी लिहिलंय म्हणून घेऊ नका, व्हॉइस कॉल ४जी वर जातो का, म्हणजे व्होल्टी आहे का आणि ते तुमच्या कंपनीच्या सिमवर चालतं का हे विचारा. आणि त्या सिमचा रिचार्ज! लॉकेटमधल्या सिमवरून कुणी गप्पा मारत नाही, महिनोन्‌महिने कॉल जात नाही, व्हॅलिडिटी संपून सिम बंद पडलेलं कुणाला कळतच नाही. स्वतःच्या मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

बटणाचं म्हणाल तर उठावदार, बोटाला न बघता कळेल असं, आणि दाबल्यावर टक्‌ करून कळलं पाहिजे. थरथरणाऱ्या बोटाला तीन वेळा पटापट दाबा हा प्रकार जमत नाही, तीन सेकंद दाबून धरा हे त्यातल्या त्यात बरं. टचस्क्रीनचा त्यांना कंटाळा आहे म्हणताय, त्यात त्यांची चूक काही नाही, वय झालं की बोटाची कातडी कोरडी होते आणि स्क्रीनला ते बोट जाणवतच नाही. माझ्याकडे कितीतरी म्हातारी माणसं स्क्रीन खराब झालीये म्हणून फोन घेऊन येतात, मी बोट लावलं की चालतो.

कानाच्या मशीनसाठी एम४ टी४ असं लिहिलेलं असेल तर उत्तम, एम म्हणजे मशीनच्या माईकमधून ऐकताना खरखर किती कमी आणि टी म्हणजे टेलिकॉइलवर, म्हणजे मशीनमधल्या फोनचा आवाज थेट पकडणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, किती चांगलं चालतं. पण एसओएस कॉल लागला की स्पीकर आपोआप चालू होतो का हे त्याहून महत्त्वाचं, कारण जमिनीवर पडलेलं माणूस फोन कानाला लावू शकेलच असं नाही.

लोकेशनवर फार भिस्त ठेवू नका. घरात जीपीएस पकडत नाही, मग टॉवरवरून किंवा वायफायवरून अंदाज लावतं, तो कधी दोन घरं इकडेतिकडे, कधी किलोमीटरभर. घरातच असणाऱ्या माणसासाठी त्याचे जास्तीचे पैसे घालवू नका.

दोनटोक

मला वेगळं वाटतं. बटण दाबायला माणूस शुद्धीवर पाहिजे ना? बाबांना चक्कर येऊन पडायची सवय होती, त्यांना बटणाचा काय उपयोग होता. आम्ही सरळ घड्याळ घेतलं. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे, जोरात पडल्याचं त्याला कळलं आणि पुढे मिनिटभर हालचाल झाली नाही तर स्वतःच इमर्जन्सीला फोन लावतं आणि घरच्यांना मेसेज जातो. वय ५५ च्या वर टाकलं असेल तर ते आपोआप चालूही होतं. आता बऱ्याच कंपन्यांच्या घड्याळांत आहे. माझं मत विचाराल तर लॉकेटबिकेट सोडा, घड्याळच घ्या, निदान ते घड्याळासारखं दिसतं तरी, कुणी आजारी समजत नाही.

रात्रपाळी

दोनटोक, चक्कर येऊन धाडकन पडणाऱ्यासाठी तुमचं बरोबरच आहे. पण म्हातारी माणसं नेहमी धाडकन पडत नाहीत हो. भिंतीला धरून घसरत खाली बसतात, पलंगाच्या कडेवरून हळूच सरकतात, खुर्चीतून उठताना गुडघे मोडून खाली येतात आणि मग उठता येत नाही. अशा पडण्याला झटका नसतो, यंत्राला ते बसल्यासारखंच वाटतं. म्हणून आपोआप ओळखणारं असलं तरी हाताने दाबायचं बटण त्यात हवंच. आणि घड्याळाची बॅटरी एक-दोन दिवसांचीच असते, रोज काढा, रोज लावा, लॉकेट काही काही आठवडाभर जातात.

विसरभोळेपणा सुरू झालेला असेल तर मात्र सगळंच बदलतं. तिथे बटण आहे हेच आठवत नाही, मग लोकेशन आणि आपोआप उचलला जाणारा कॉल याचा खरा उपयोग. या आत्याबाईंना त्याची गरज नाही, उलट त्यांच्या घरात कुणीही न सांगता कॉल उघडून ऐकू शकेल अशी सेटिंग त्यांना विचारल्याशिवाय अजिबात लावू नका.

कडीकुलूप

एकच विचारतो. बटण दाबलं, तुम्हाला कळलं, दार कोण उघडणार? आमच्याकडे आतून कडी होती. कटरवाला येईपर्यंत आई आत आणि आम्ही बाहेर, तिचं बोलणं ऐकू येत होतं. आता आतली कडी काढून टाकलीये, फक्त लॅच, आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे. फोन घ्यायच्या आधी हे करा.

पंच्याहत्तरी

मी ७६ वर्षांची आहे आणि असलं बटण माझ्याच गळ्यात आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. इथे सगळे आमच्याबद्दल बोलतायत, चांगलंच बोलतायत, पण आम्हाला काय वाटतं तेही ऐका.

मला मुलाने पहिलं बटण दिलं त्याला पाच वर्षं झाली. दुसऱ्याच आठवड्यात कुशीवर वळताना ते दाबलं गेलं. मुलगा ऑफिसमधून धावत आला, घाम फुटलेला, मला खुर्चीत बसलेली बघितली आणि म्हणाला, आई, नीट सांभाळून वापर ना गं जरा. एवढंच. रागावला नाही, आवाजही चढवला नाही. पण मी त्या रात्री ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं ते चार महिने बाहेर काढलं नाही. तो फोनवर विचारायचा, घातलंय ना? मी म्हणायची, हो.

चार महिन्यांनी स्टुलावरून पडले आणि मनगट मोडलं, तेव्हा ते ड्रॉवरमध्येच होतं. हॉस्पिटलमध्ये मुलाला सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आई, तू शंभर वेळा चुकून दाबलंस तरी मी शंभर वेळा येईन. तेव्हापासून हे गळ्यात आहे, आत्ता लिहितानाही आहे.

आम्हाला बटण दाबायचा संकोच वाटतो हो. आपण नुसत्या बसल्या जागी अडकलोय, रक्त नाही, काही नाही, एवढ्यासाठी त्याला मीटिंगमधून उठवायचं? बघू, अजून पाच मिनिटांनी जमेल उठायला. असं करत करत तास जातो. म्हणून तुमच्या आत्याला एवढंच सांग बाळा की चुकून दाबलं गेलं तरी चालेल, आणि ते फक्त म्हणू नकोस, तसं एकदा होईल तेव्हा तसंच वाग. आणि ते वापरायचं की नाही, कुठलं घ्यायचं, कुठे घालायचं हे तिला ठरवू दे. रंगसुद्धा.

पायवाट

पंच्याहत्तरी काकू, तुमचं वाचून मी रडले. खरं सांगायचं तर मीही आत्याला लॉकेट दाखवताना "आता तुला हे घालावंच लागेल" असंच म्हटलं होतं. आज जाऊन नीट बोलते. सोल्डर, यादीत आधी मी, मग भाऊ, मग शेजारच्या काका-काकू असं ठरवत होते, आता उलटं करावं का?

सोल्डर

हो, आधी शेजारी, त्यांना चालत असेल तर. दोन मिनिटांत जो दारात उभा राहू शकतो तो पहिला. आणि सरकारी इमर्जन्सी नंबर यादीत टाकायच्या आधी तिकडे विचारून घ्या, काही ठिकाणी बटणावरून आपोआप लागलेले कॉल घेत नाहीत. तिच्या नेहमीच्या मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचे नंबर दिसतील अशी सोय असते तीही करून ठेवा. ब्रिटनमधल्या एका पॅरामेडिकने २००५ साली सुचवलं होतं की घरच्यांचा नंबर आयसीई (इन केस ऑफ इमर्जन्सी) नावाने सेव्ह करा, ते अजूनही उपयोगी आहे, रुग्णवाहिकेतले लोक ते शोधतात.

पायवाट

अपडेट देतेय, बारा दिवस झाले.

आत्याने शेवटी मनगटात घालायचं बटण घेतलं. घड्याळ नाहीये, साधा पट्टा आणि त्यावर एक उठावदार बटण, पडलेलं ओळखणंबिळखणं काही नाही. गळ्यातलं तिने दोन दिवस घालून बघितलं आणि झोपेत टोचतं म्हणून परत केलं. पट्टा तिने आपणहून डाव्या हाताला बांधला, मग मला म्हणाली, थांब, दाबायला उजवा हात लागणार आणि त्याचा तर अंगठा थरथरतो. म्हणून उजव्या मनगटावर घालून डाव्या अंगठ्याने दाबते. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पट्ट्याचं मशीन पॅसेजमध्ये ठेवलंय, त्यातच सिम आहे आणि स्पीकर एवढा मोठा की बाथरूमचं दार लावलं तरी तिला कानाच्या मशीनशिवाय ऐकू येतं. पट्ट्याची बॅटरी वर्षभर जाते म्हणतात त्यामुळे चार्जिंगची कटकटच नाही, बाहेर जाताना मात्र तो चालत नाही, त्यासाठी तिचा नेहमीचा फोन पर्समध्ये असतो. आतली कडी काढली. किल्ली काकांकडे दिलीये.

रविवारी टेस्ट केली. मी बाहेर पायऱ्यांवर, भाऊ त्याच्या घरी, काका त्यांच्या घरी, कुणी आधीपासून फोन हातात धरून बसायचं नाही असं ठरवलं. आत्या म्हणाली मी खोटं खोटं नाही करणार, करायचं तर नीट, आणि बाथरूमच्या फरशीवर चादर टाकून खरंच आडवी झाली. तिथून दाबलं. काकांनी उचलला नाही, ते मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते. मग काकूंकडे रिंग गेली, त्यांनी उचलला पण आकडा दाबायचा विसरल्या, पंधरा सेकंदांनी तो कट होऊन मला आला. मी दाबला. आतून स्पीकरवर आत्याचा आवाज आला, "कोण, तू का गं?" मी दार उघडून आत गेले तेव्हा चार मिनिटं झाली होती.

काकूंच्या फोनवर आता एक चिठ्ठी चिकटवलीये, आधी १ दाबा. पुढच्या रविवारी परत करणार आहोत, आत्यानेच वेळ ठरवली आहे, आणि यावेळी कुणाला सांगणार नाही म्हणाली.